नकाशावरचं पांढरं गाव

गंगाळाला तांब्या लागला, ठण्ण झालं, आणि कोणीतरी हाताने दाबून टाकावा तसा तो आवाज लगेच बंद झाला.

शीतलने डोळे उघडले नाहीत. कुशीत भक्ती होती, चार वर्षांची, आईच्या पदराची मूठ करून झोपलेली. बाहेर अजून फटफटलं नव्हतं. मागच्या न्हाणीत आत्याबाई पाय धूत होत्या. रोजच धूत. घर उठायच्या आधी चुलीवरचं कोमट पाणी घेऊन जायच्या, धुऊन झालं की वाफवलेली एरंडाची पानं बांधायच्या, त्यावर जुन्या धोतराची पट्टी, आणि वरून लुगड्याचा घोळ. उजेड पडेस्तोवर त्या चुलीपुढे बसलेल्या असत, डावा पाय लुगड्याखाली आडवा टाकून, जसं काही नाहीच. लग्न होऊन शीतलला पाच वर्षं झाली होती. पाच वर्षं सासू लपून पाय धूत होती आणि सून लपून ऐकत होती. त्या पायाचा शब्द दोघींत एकदाही निघाला नव्हता.

आणि आता शीतलच्या पिशवीत फोन होता, सरकारी. गावातले सुजलेले पाय मोजायला दिलेला.

ती गावाची आशा सेविका. नवरा वैभव हंगामापुरता आदिलाबादच्या जिनिंगवर, पंधरा दिवसांनी एकदा यायचा, अंगाला सरकीचा वास घेऊन, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने परत. त्याच्या उशीवर भक्ती झोपायची. सासरे भगवानराव शेतात. धाकटा दीर देवानंद ट्रॅक्टर हाकायचा, त्याची बोथकडची सोयरीक जुळली होती, माघात लग्न होतं. घरात चुना लागला होता. भक्तीचा झगासुद्धा घेऊन झाला होता, गुलाबी, टिकल्याटिकल्यांचा.

आठ दिवसांमागे सबसेंटरच्या प्रतिभाताईंनी आशांना बोलावलं होतं. प्रतिभाताई नर्स, बोलायला तिखट आणि हाताने हलक्या. त्यांनी टॅबवर देशाचा नकाशा उघडला आणि दोन बोटांनी ताणत ताणत पैनगंगेच्या काठापर्यंत आणला.

"हे पाह्य शीतल. आजूबाजूचे सारे गावं लाल. कुठं जास्त, कुठं कमी. आन् हे आंबुगाव. पांढरं."

"पांढरं म्हंजे चांगलं नं ताई?"

"पांढरं म्हंजे तीन वर्साआंधी सर्वेवाला ऐन वेचनीत भर दुपारी बारा वाजता आला. साऱ्या दाराले कड्या. थो शून्य लिवून गेला. तिकडं वर बसलेल्याइले वाटते, आंबुगावात सारे धडधाकट. मंग गोया बाजूच्या गावाले येतात, मलम येते, पाय धुवाचे टब येतात. आपल्याले काई नाई. शून्याले कोन का देईन?"

शीतल नकाशाकडे बघत राहिली. एवढ्या मोठ्या देशात आपलं गाव तांदळाच्या कणीएवढं, आणि तेही कोरं.

"यंदा दारोदारी," प्रतिभाताई म्हणाल्या. "घरासमोर उभं राह्याचं, जागा पकडाची, पाय पाह्याचे, फोटो काढाचा. आठ दिवस. आठव्या दिवशी फोन बंद होते."

शीतलने आपली पद्धत बसवली. दुपारी माणसं घरी सापडत नसत, म्हणून दिवसा ती कापसाच्या वावरांतून फिरायची. वेचणाऱ्या बायांच्या ओळीत शिरून, बोलता बोलता स्वतःही दोन बोंडं वेचत, खाली नजर टाकायची. बोंडांच्या वाळल्या टोकांनी बोटं ओरबाडून निघायची. बायाही शहाण्या. ती दिसली की काष्टा सुटून लुगडं घोट्याखाली यायचं. संध्याकाळी मग घरोघर, जागा पकडायला, कारण फोनला माणूस नाही, दार लागत होतं. गाव तेलंगणात, म्हणून फॉर्म तेलुगूत. शीतल मराठी शाळेत शिकलेली, तेलुगू अक्षर अक्षर जुळवून वाचायची. बोदकालु, म्हणजे हत्तीपाय, हा शब्द मात्र एव्हाना नुसत्या आकारावरून ओळखू येत होता. नदीकाठच्या घरांजवळ गेलं की फोनवर महाराष्ट्राचं नेटवर्क यायचं आणि फॉर्म अडकून बसायचा.

पारावर नागोराव बिडी ओढत बसलेला. सत्तरीचा, धोतराचा घोळ नेहमीपेक्षा जरा जास्तच.

"नागोबाबा, काई सूज-बिज?"

"कुठली?"

"पायावर. नाईतं... दुसरीकडं."

"माह्या धोतरात का हाय ते तुह्या मोबाईलले काऊन पाह्यजे व?" पारावरचे सगळे खो खो हसले. "फोटो काढशीन का? काढ. पन मंग म्हातारीले दाखवजो, तिनं बी लय दिवस झाले पाह्यलं नाई!"

शीतलही हसली. हसून पुढे गेली, आणि फॉर्मवर 'नाही' दाबलं. सात दिवसांत एकशे बारा घरं झाली. एकशे बारा वेळा 'नाही'.

सातव्या दिवशी ती द्वारकाबाईच्या दारात गेली. दार लोटलेलं होतं. मागच्या गोठ्यातून सरकी भिजवल्याचा वास येत होता आणि त्यात दुसराही एक, ओल्या चिंधीचा. तो वास शीतलला घरचाच.

"द्वारकामावशी, मी शीतल. बाहेर येता का जरा?"

"नाई येत."

"पाच मिनटाचं काम हाय. कोनाले सांगत नाई मी."

"कोनाले नाई सांगत तं त्या फोनात का टाकून राह्यली?" द्वारकाबाईचा आवाज अंधारातून आला, बाई दिसत नव्हती. "एक सांग मले. तुह्या घरचं लिवलं का?"

शीतलने फोन पिशवीत सरकवला.

"नाई लिवलं नं? माघात लगन हाय म्हनून गाव तोंड दाबून बसलं हाय, सोयरीक मोडू नाई म्हनून. कोनी बोललं का? नाई बोललं. तू मातर आमचे दारं उघडत फिरून राह्यली. आंधी तुह्या सासूचं, बयनाबाईचं लिव. मंग ये. मी सोता पाय पुढं करीन. माह्यासंगं आनखीन चौघीजनी करतीन."

शेजारच्या ओट्यावर तूर निवडणाऱ्या दोन बाया सूप हलवायच्या थांबल्या होत्या. शीतल मागे वळली. पायात काटा मोडल्यासारखी चालत घरी आली.

आत्याबाई अंगणात वाती वळत होत्या. भक्ती त्यांच्या मांडीला टेकून बसलेली, पोटरी खाजवत. डासांनी पोरीचे पाय लाल लाल करून टाकले होते. घराच्या मागेच मोरीचं पाणी साचायचं, नेहमीचंच.

शीतल बसली. समोरचा कापूस हातात घेऊन पिंजू लागली. मग म्हणाली, "आत्याबाई, उद्या फोन बंद होते."

वात वळणारं बोट थांबलं नाही.

"द्वारकी बोलली नं?" आत्याबाई म्हणाल्या. "आलं माह्या कानावर. गल्लीनं तुह्याआंधी पोचलं."

पाच वर्षांनी पहिल्यांदा तो पाय दोघींच्या मध्ये येऊन बसला होता, आणि आता त्याला उठवता येत नव्हतं.

"तुह्या लगनात," आत्याबाई म्हणाल्या, "पाटावर मी नोती बसली. माहीत हाय तुले."

माहीत होतं. पहिल्याच वर्षी कळलं होतं. नवरदेवाच्या आईला पाटावर बसवतात, नवरीची आई तिचे पाय धुते, कुंकू लावते, पदराने पुसते. शीतलच्या लग्नात पाटावर चुलतसासू मथुराबाई बसली होती, डोक्यावरून पदर ओढून. शीतलच्या आईने तिचेच पाय धुतले. पुढे कैकदा ती म्हणायची, इहीनबाईचे पाय कसे वो मऊ, कष्टाच्या बाईचे वाटत नाहीत. तिला खरं सांगावं असं शीतलच्या तोंडाशी कितीदा आलं. मागच्या साली आई गेली. सांगायचं राहिलंच. अजूनही कधी भाकरी थापताना आईचे ते ओले हात शीतलच्या डोळ्यांपुढे यायचे, दुसऱ्याच कोणाच्या पावलांवरून फिरणारे, आणि भाकरी जळायची.

"मी माजघरात गोधड्याइच्या मागं बसून होती," आत्याबाई सांगत होत्या. "गावातल्याइले ताप आला म्हनून सांगतलं, तुह्या मायले मथुरीच इहीन म्हनून दाखवली. निस्ता बँड आयकला. पोरगा बोहल्यावर चढला, थो नाई पाह्यला. यंदा म्हनलं देवानंदाच्या वक्ताले बसनच. थंडीत सूज उतरते जराशी. निजून निजून उतरोतो, लुगडं मोठ्या काठाचं नेसतो. पाऊल तेवढं पुढं करन, एकच, उजवं." त्यांनी वात बाजूला ठेवली. "बाईच्या जातीचे पाय कोन कवा धुते व शीतल? जलमभर आपूनच धुवाचे, सासूचे, सासऱ्याचे, पाव्हन्याचे. एक डाव भेटते. पोराची माय झाली म्हनून. मले थे पानी पायावर पडलेलं पाह्याचं होतं."

शीतलने मान खाली घातली. तिला काहीच मागायचं नव्हतं आता.

थोड्या वेळाने आत्याबाईंनीच विचारलं, "हे येते कुठून?"

"डासातून. रक्तात किडा राह्यते, बारीक. सुतासारखा."

"मोठेपनी जाते का रक्तात?"

"नाई," शीतल म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. "लहानपनीच जाते. पाय मंग फुगते, धा-पंदरा वर्सानं. फुगल्यावर पहिल्यासारखा होत नाई. पन साऱ्या गावानं वक्तावर गोया घेतल्या तं..."

"आन् गोया शून्याले येत नाई."

"नाई येत."

आत्याबाईंनी भक्तीचा पाय ओढून मांडीवर घेतला. तांबूस गांधी एक एक करून बोटाने मोजल्यासारख्या चाचपल्या. मग वाटीतलं वातींचं तेल तळहातावर घेऊन पोरीच्या पोटऱ्यांना चोळत बसल्या. दिवेलागण होईपर्यंत चोळत होत्या. भक्तीला झोप लागली तरी हात थांबला नाही.

सकाळी शीतल फोन पिशवीत टाकून निघाली, तर आत्याबाई उंबऱ्यावर बसलेल्या. पट्टी सोडलेली. एरंडाची पानं शेजारी काळवंडून पडलेली.

"काढ फोटो," त्या म्हणाल्या. "निस्ता पाय घेजो. तोंड नको."

बैलाला पाणी दाखवायला निघालेले भगवानराव दावं हातात धरून तिथेच उभे राहिले. "बयना, सोयरीक मोडंल. पोट्ट्याच्या जिंदगीचा सवाल हाय."

"माहीत हाय."

"लगनापर्यंत थांबली असती तं?"

"फोन थांबत नाई म्हनते." आत्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "तुमी बैलाले पानी दाखवा."

शीतल खाली बसली. उजेडात तो पाय तिने पहिल्यांदाच पाहिला. गुडघ्याखाली सरळ खांबासारखा उतरलेला, घोटा हरवलेला, पावलावर कातडीच्या वळ्या, बोटं त्या वळ्यांत रुतलेली. अंगठ्याजवळच्या बोटावर जोडव्याची खूण होती. जोडवं कापून काढलेलं असणार. बोटांच्या बेचकीत पांढरं, ओलं. एवढा मोठा पाय, पण तो उंबऱ्यावर असा संकोचून ठेवला होता, पाव्हण्याच्या घरी लहान पोरगी बसावी तसा. शीतलने फोन धरला. पडद्यावर घराचं छप्पर आलं, त्यावर निळा ठिपका आला, हलला, डुगडुगला, मग जागेवर बसला. तिने तेलुगू अक्षरं जुळवली. बोदकालु. होय. डावा. किती वर्षांपासून?

"कधीपासून हाय, आत्याबाई?"

"वैभव रांगत होता तवापासून."

अठ्ठावीस, शीतलने भरलं. फॉर्म अडकला, फिरत राहिला. तशीच फोन उंच धरून ती अंगणभर फिरली, शेवटी कडब्याच्या गंजीवर चढली तेव्हा गेला.

त्या दिवशी दुपारपर्यंत द्वारकाबाईचं दार उघडलं. बोलल्याप्रमाणे तिने स्वतः पाय पुढे केला आणि चार हाका मारल्या. एक एक करत त्या गोठ्यातून, माजघरातून, मागच्या दारातून आल्या. कोणी हसली, कोणी रडली, कोणी फोटो काढताना पाय पुसून घेतला. सूर्य बुडायच्या बेतात नागोराव आला, दाराशी खाकरला आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "लिव माहं बी. फोटो नाई काढू देत." गावात त्या रात्री सात ठिपके झाले.

पुढचं भराभर झालं. प्रतिभाताईंनी टॅब दाखवला. आंबुगाव लाल झालं होतं. पौषात शाळेतल्या आणि अंगणवाडीतल्या पोरांच्या बोटातलं थेंब थेंब रक्त घेतलं, चौघांच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटली, म्हणजे रक्तात किडा होता. भक्तीच्या पट्टीवर एकच. शीतलने ती पट्टी परत परत उजेडात धरून पाहिली. त्या चौघांत द्वारकाबाईची नात होती, सात वर्षांची, दोरीवर उड्या मारणारी, पाय काटकुळे. गोळ्या आल्या. प्रतिभाताईंनी एकेकाच्या तोंडात घालून, आ करायला लावून गिळवल्या. टब आले, साबण आले, मलम आलं. धुवायचं कसं तेही शिकवलं: घासायचं नाही, बेचक्या कोरड्या करायच्या, मग मलम, मग पाय उंचावर. आणि पानं बांधायची नाहीत, उन्हावाऱ्यात पाय मोकळा ठेवायचा.

म्हणून आत्याबाई आता अंगणात बसायच्या, दिवसाढवळ्या, निळ्या टबात पाय ठेवून. पहिले दोन दिवस गल्लीकडे पाठ करून. मग समोर तोंड करून. भक्तीला ते काम फार आवडलं. प्लॅस्टिकचा मग भरून ती आजीच्या पायावर पाणी ओतायची आणि वरून खाली पाणी कसं सरकतं ते वाकून बघायची. आत्याबाई डोळे मिटून घ्यायच्या. शीतल ओट्यावरून बघायची. त्या मिटल्या डोळ्यांआड कुठला बँड वाजतोय ते तिला कळायचं. तेवढ्यापुरतं तिला वाटायचं की होईल, माघात होईल, पाट मांडला जाईल आणि बाई दोन्ही पाय पुढे करून बसेल.

प्रयागबाई आली ती अशाच एका दुपारी. नवरीची आई. सांगून आली नव्हती. आंबुगावच्या फाट्याला कोणाच्या बारशाला आली होती म्हणे, म्हटलं जाता जाता इहीनबाईले भेटून जावं. हातात केळ्यांची फणी. ती फाटकातून आत शिरली तेव्हा भक्ती मग ओतत होती.

कोणी हललं नाही. आत्याबाईंनी पाय काढून घेतला नाही. घ्यायचा तरी कुठे? पाण्यातून तो पाय आणखीच मोठा दिसत होता.

"या इहीनबाई," आत्याबाई म्हणाल्या. आवाज सरळ होता. "बसा. मी उठत नाई, ओला हाय पाय."

"राहू द्या, राहू द्या." प्रयागबाई ओट्याच्या कडेवर टेकली, लुगडं आवरून. "केव्हापासून वो हे?"

"लय वर्सं झाले."

"बोलल्या नाई तुमी."

"नाई बोललो. चुकलं आमचं."

"बोदकालु म्हंते ना याले? आमच्याकडं बी होती एक म्हातारी." प्रयागबाई थोडं थांबली. "घरानं चालते का हे?"

"नाई," शीतल मध्ये बोलली. "डासानं होते मावशी. सोयरिकीनं नाई, शिवल्यानं बी नाई. गोया घेतल्या आमी साऱ्याइनं."

"हो का." प्रयागबाईने मान हलवली, सगळं समजल्यासारखी. वाईट बाई नव्हती ती. चहा घेतला. कप रिकामा करून उपडा ठेवला. केळी दिली. भक्तीच्या गालाला हात लावायला पुढे केला, मग तो हात पदराला पुसला आणि पदरच नीट केला.

"तारखेचं कळवतो," म्हणाली. "पोरीच्या बापाले इचारतो न् कळवतो."

तारीख तर ठरलेली होती.

ती गेल्यावर देवानंद ट्रॅक्टरच्या सीटवर जाऊन बसला. ट्रॅक्टर चालू नव्हता. भगवानरावांनी बैलाला दुसऱ्यांदा पाणी दाखवलं. आत्याबाईंनी पाय पुसला, प्रतिभाताईंनी शिकवल्याप्रमाणे, एक एक बेचकी कोरडी करून, सावकाश, मलम लावलं, आणि उशीवर पाय ठेवून भिंतीकडे तोंड करून निजल्या.

एक आठवडा गेला. दुसरा गेला. देवानंद कुठेही असला तरी फोन खिशात ठेवत नव्हता, हातात धरून फिरत होता. वाजायचा, तो कुठल्यातरी कंपनीच्या जाहिरातीचा. शीतलच्या फोनवर बाकीच्या गावांच्या आशा लिहायच्या, आंबुगावचं नाव मीटिंगमध्ये घेतलं, चांगलं काम झालं. ती वाचायची आणि फोन उलटा ठेवायची. वैभव आला, एक रात्र राहिला. "तू बरोबरच केलं," म्हणाला, पण कूस बदलून म्हणाला. तिला त्याचं तोंड पाहायचं होतं. अंधारात तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला, कापसाचे बारीक तंतू बोटाला लागले, आणि पहाटे तो गेला.

माघ लागला तरी बोथकडहून निरोप नव्हता. शीतल अंगणात भक्तीचे केस विंचरत होती. पलीकडे आत्याबाई टबापाशी बसलेल्या, पाणी तयार, मग काठावर. भक्ती नेहमीसारखी धावली नव्हती. दोन आठवडे झाले, ती मगाला हात लावत नव्हती. आत्याबाईंनी हाक मारली, "ये व पोट्टे, पानी टाक." पोरगी जागची हलली नाही.

"जाय नं," शीतल म्हणाली. "आजी बोलावून राह्यली."

भक्तीने मान वर करून आईकडे पाहिलं. कंगवा केसांत अडकलेला. हळूच, आजीला ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने विचारलं,

"आई, म्या पानी टाकलं म्हनून त्या पाव्हन्या आजी उठून गेल्या का? टाकाचं नोतं का म्या?"